सोडेवालीचं नाक

सुक्या मासळीच्या बाजारात सोलून वाळवलेली कोळंबी, म्हणजे सोडे विकणारी एक मावशी होती. मोठ्या तापातून उठली आणि तिला वास यायचाच बंद झाला. ना मासळीचा, ना साबणाचा. तिनं कुणाला सांगितलं नाही. मासळीवालीचं नाकच गेलं म्हटल्यावर तिच्या विक्रीच्या फळीपुढं उभं कोण राहणार? गिऱ्हाईक आलं की ती सवयीनं मूठभर सोडे नाकाशी धरायची आणि मान डोलवायची.

एका सकाळी समुद्र बघायला आलेली एक पाहुणी बाजार हिंडत तिच्यापाशी थांबली. सर्दीनं बेजार झालेली.

"बाबांसाठी हवेत. आजारी आहेत, तोंडाला चव नाही त्यांच्या. चांगले आहेत ना?"

मावशीनं मूठ नाकाशी नेली. "घरच्या माणसाला देईन असे आहेत, बाई."

पाहुणी पुडा घेऊन बसथांब्याकडे गेली. तेवढ्यात शेजारच्या फळीवरची धाकटी जाऊ पदर नाकाला लावत आली.

"ताई, या पोत्याला औषधाचा वास मारतोय! काल भाऊजींनी गोदामात झुरळांवर फवारलं, तेव्हा याचं तोंड उघडं राहिलं वाटतं. तुम्हाला कळलं नाही?"

तराजू टाकून मावशी बर्फाच्या हातगाड्या चुकवत बसथांब्याकडे धावली. सुटायच्या बेतात असलेल्या बसमध्ये ती धापा टाकत चढली. पाहुणी खिडकीशी होती, पुडा मांडीवर.

"तो पुडा परत दे. बाबांना देऊ नकोस."

"का? आत्ताच तर वास घेऊन दिलात!"

सगळी बस बघत होती. "मला वास येत नाही," मावशी म्हणाली. "नुसतं नाटक करते मी. त्याला विषारी औषध लागलंय."

पाहुणीनं घाईघाईनं पुडा तिच्या हातात कोंबला आणि बोटं रुमालाला पुसत राहिली.

मावशी परतली तेव्हा जावेनं ते पोतं बाजूला ओढून ठेवलं होतं. सगळं ऐकल्यावर ती आधी चिडली. "इतके दिवस गप्प बसलात?" मग उरलेलं एकेक पोतं हुंगून म्हणाली, "ही ठीक आहेत. आजपासून आधी मी बघणार, मग तुम्ही विकायचं."

मावशीनं मान हलवली, पण तिचं लक्ष नव्हतं. पाहुणीच्या आधी त्या पोत्यातलं कुणी नेलं होतं का? एक छत्रीवाली म्हातारी आली होती. तिनं सोडे घेतले, की नुसते चाचपले?

"ती म्हातारी कुठं राहते गं?" तिनं विचारलं. जावेला ठाऊक नव्हतं. दोघींनी फळ्या झाकल्या आणि घरोघर विचारत निघाल्या.