निम्मं आटवलेलं पाणी

धाकट्या जावेला पान्हा फुटला आणि माझा आटला. खोटं कशाला बोलू, तिच्याकडे बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आमची बाळंतपणं तीन आठवड्यांच्या अंतरानं झाली. तिचा मुलगा गुटगुटीत, माझी मुलगी डब्याच्या दुधावर. कळवणहून मुक्कामाला आलेल्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या, "धाकटीला लय दूध हाय बाई." मी आत भांडी आपटायचे.

एकदा जाऊ म्हणाली, "ताई, द्या ना तिला इकडे, मी पाजते." किती सहज म्हणाली मेली. मी म्हटलं, "माझी मुलगी माझी मी वाढवीन."

मग मी हट्टालाच पेटले. आमचं घर नाशिकच्या कडेला, द्राक्षबागांना लागून, नळाला बोअरचं पाणी. माझी आई सांगायची, तान्ह्या बाळाला पाणी द्यायचं ते निम्मं आटवूनच. मी तांब्याभर पाणी ठेवायचे आणि अर्धा तांब्या उरल्याशिवाय गॅस बंद करायचे नाही. त्यात दुधाची पावडर कालवायची. बघूच कोणाचं बाळ आधी बाळसं धरतं ते.

दुसऱ्या महिन्यात माझ्या मुलीचे ओठ जांभळट दिसायला लागले. सासूबाई म्हणाल्या, गारठा लागला असेल. मग नखंही निळी पडली, तशी मी तिला उचलून दवाखान्यात पळाले.

डॉक्टरांनी आधी पाण्याचंच विचारलं. शेतातल्या खताचं नायट्रेट बोअरमध्ये उतरतं, आणि एवढ्याशा बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू वाहू देत नाही, म्हणाले. उकळून ते जात नाही. पाणी आटतं, ते मागे उरतं.

"म्हणजे मी तिला दुप्पट पाजलं?"

त्यांनी तिला लगेच भरती करून घेतलं. तेच पाणी जाऊही पीत होती, पण आईच्या दुधात ते फारसं उतरत नाही म्हणे. तिथंही तिचंच नशीब.

तिसऱ्या दिवशी पोरीच्या ओठांवर लाली आली. घरी आलो तर जाऊ दारातच उभी होती. "सांगितलं होतं" असं एका शब्दानं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मीच मुलगी तिच्या हातात दिली. म्हटलं, "पाज."

पोरीनं तोंड लावलं, पोटभर प्यायली आणि तिथेच तिच्या मांडीवर झोपली. माझी पोर वाचली होती. तरी देवाशपथ सांगते, माझ्या पोटात दुखलंच.