न्हाणीत बी देवी येती का?

अर्धापूरजवळच्या एका खेड्यात शिवकन्याच्या अंगात येतं, अशी बोलवा झाली ती नवरात्रातल्या आरतीपासून. हात जोडून तिनं डोळे मिटले, झोकांडी गेली आणि ती धाडकन पडली. बायांनी कुंकू लावलं, ओटी भरली.

"मला काही आलं न्हाई वं, तोल गेला," ती सांगत राहिली. पण ऐकतं कोण? दर मंगळवारी बाया तिला देवळात उभी करत. मिटल्या डोळ्यांनी ती डुलायला लागली की कुणी लेकीच्या लग्नाचं विचारी, कुणी हरवलेल्या म्हशीचं. नवरा अर्जुनरावसुद्धा तिच्याशी दबकून बोलू लागले. शिवकन्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. तळपायाखाली कापूस अंथरल्यागत वाटे, चप्पल पायातून कधी निसटली तेही कळत नसे.

एका सकाळी न्हाणीत तोंडाला साबण लावताना ती पुन्हा कोसळली. धाकटी जाऊ शिल्पा पाणी घेऊन येत होती. घागर टाकून तिनं धरलं.

"अक्का, न्हाणीत बी देवी येती का वं?"

साबणाच्या तोंडानं शिवकन्या आधी हसली, मग जावेच्या गळ्यात पडून रडली.

शिल्पानं कुणाला न विचारता तिला नांदेडला नेलं. डॉक्टरांनी पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे होते तोवर ठीक. मिटताच ती शिल्पाच्या अंगावर. खाण्यापिण्याची चौकशी झाली. घरात मांसमच्छीला कुणी शिवत नव्हतं, आणि दुधादह्याच्या वासानं तिला लहानपणापासून उमासे येत. रक्त तपासलं, तर बी-बारा जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं.

"पायांच्या नसा निरोपच देईनात, बाई. तुम्ही नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर उभ्या होतात," डॉक्टर म्हणाले.

इंजेक्शनं सुरू झाली. उन्हाळा सरेपर्यंत पायांत जान आली. डाव्या अंगठ्याला मुंग्या मात्र अजून येतात. "सुया टोचून देवी घालवलीस," एकीनं ऐकवलं. शिवकन्या म्हणाली, "देवीनंच शिल्पाला धाडलं, असं मी मानते."

अर्जुनराव फार बोलणारे नव्हेत. एकदा जेवता जेवता धाकट्या भावजयीला म्हणाले, "पोरी, आमी सगळे नमस्कार करून राहिलो व्हतो. तू हात धरलास."

शिल्पा किनवटला माहेरी गेली की तिच्या म्हशींचं शेणपाणी आता शिवकन्याच करते. आपल्या आधी दुसऱ्या कुणी गोठ्यात पाऊल टाकलेलं तिला खपत नाही.