फाइन म्हणणारा माणूस

गोरे इंग्रज देश सोडून गेल्यानंतरची गोष्ट. आजारी वडिलांना, आबांना, जळगावला डॉक्टरांकडे नेत होतो. पहूरला एक म्हातारा एसटीत चढला आणि आमच्या शेजारी बसला. भुवयांत कापूस अडकलेला. बोटं रिकाम्या हवेतच काहीतरी ताणत होती. मध्येच त्यानं आबांचं मनगट नाडीवर चिमटीत धरलं, डोळे मिटले.

"फाइन."

मला धीर आला. "इंग्रजी येतं, नाना?"

"नही भाऊ, एकच शब्द. कापसाच्या जिनात, कारखान्यात, गोरा साहेब कापूस बोटांत ताने. धागा बारीक होत तुटाले आला का म्हने, फाइन."

पुढच्या फाट्यावर तो उतरला. बोटं चालूच होती.

आबांना कमी ऐकू यायचं. "काय म्हने रे तो?"

"छान हाये म्हने, आबा," मी ओरडून सांगितलं आणि त्यांचं मनगट उपरण्याखाली झाकलं.