सहा आणि सातमधलं अंतर

"मोठं म्हंजे केवढं?" असं विचारून बाई उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी ताणायच्या आणि समोरच्यापुढे वीत धरायच्या. समोर पहिलीतलं पोर असो, सरपंच असो की माझ्यासारखा केंद्रप्रमुख, वीत तीच. माणूस क्षणभर त्या हाताकडे बघत राही आणि आपण कशाला मोठं म्हणालो होतो ते विसरून जाई.

केंद्रप्रमुख म्हणजे दहाबारा सरकारी शाळांवर देखरेख ठेवणारा माणूस. मोटारसायकलवर फिरायचं, हजेरी पाहायची, मुलांना दोन प्रश्न विचारायचे, शेरा लिहायचा आणि चहा प्यायचा. यातलं शेवटचं काम मी मनापासून करत असे. बाईंची शाळा अकोल्यापासून तासाभराच्या रस्त्यावर, काळ्या मातीच्या मधोमध. दोन खोल्या, दोन शिक्षक. एका खोलीत बाईंची पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत मुख्याध्यापकांची तिसरी-चौथी. गावाचं नाव सांगत नाही. अशी शाळा तुमच्याही पाहण्यात असेल.

बाई मोझरीकडच्या, निवृत्तीला आलेल्या, उंचीनं बेताच्या आणि आवाजानं पुरून उरणाऱ्या. पहिली-दुसरीच्या अभ्यासक्रमात बोट, वीत, हात, पाऊल यांनी लांबी मोजण्याचा एक धडा असतो. आम्ही बाकीचे तो दोन तासांत उरकतो. बाईंनी तो वर्षभर चालवला. पोरं गाव मोजत सुटली. देवळाची पायरी मोजली, किराणा दुकानाचं फळकूट मोजलं. एकजण म्हशीचं शिंग मोजायला गेला आणि आईचा मार खाऊन आला. एकदा मी वर्गात खुर्चीवर ऐसपैस बसलो होतो, तर बाईंनी पहिलीतल्या एका पोरीला सांगितलं, साहेबाचं पोट मोज. पोरीनं न लाजता आपल्या इवल्या विती माझ्याभोवती फिरवल्या आणि फळ्यावर लिहिलं: साहेब, आठ विती दोन बोटं. मी हसलो, पण त्या रात्री भात कमी घेतला.

त्याच वर्गाच्या मागच्या भिंतीला एक भेग होती.

आमच्याकडची माती तुम्हाला ठाऊक आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि तिच्यावर जे उभं असेल त्यालाही सोबत घेते. घराघराच्या भिंतींना चिरा असतात, त्याचं कोणाला विशेष वाटत नाही. बाईंना वाटलं. त्यांनी दर सोमवारी प्रार्थनेनंतर ती भेग मोजायचं मुलांना काम लावून दिलं. पहिलीला सेंटिमीटर कळत नाही, म्हणून भेगेत काय जातं ते पाहायचं. जूनअखेर शाळा उघडली तेव्हा वहीचं पान जात होतं. दिवाळीच्या आधी अगरबत्तीची काडी जाऊ लागली, संक्रांतीला आगपेटीची काडी. होळीला पेन्सिल गेली. हे सगळं एका वहीत पोरांच्या तिरप्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि शेजारी त्या त्या वस्तूचं चित्र. वही फार गोड दिसायची. मी ती इतर शाळांत नेऊन दाखवली, उपक्रम म्हणून कौतुक केलं. तिच्यात काय लिहिलंय ते मात्र मी वाचलं नाही.

बाईंनी दुरुस्तीसाठी तीन पत्रं दिली. तिन्ही माझ्याच हातून वर गेली. शेवटी एक अभियंता आला, दारातूनच भिंत पाहिली आणि 'निरीक्षणाखाली ठेवावी' असा शेरा मारून गेला. बाई म्हणाल्या, निरीक्षणाखालीच आहे, पहिलीची लेकरं दर सोमवारी करतात.

मी त्यांची समजूत घालायला गेलो. म्हटलं, बाई, पावसाळ्यात माती फुगली की भेग आपोआप मिटते, दरवर्षीचंच आहे.

"मिटते साहेब," बाई म्हणाल्या. "पन जेवढी उघडते तेवढी मिटत नाई."

त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला चहा गेला नाही, एवढं आठवतं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर वरच्या अधिकाऱ्यांचा दौरा ठरला. शाळेच्या भिंतींवर अक्षरं, पाढे, चित्रं रंगवायची, त्याला आमच्या भाषेत बोलक्या भिंती म्हणतात. मला वाटलं, एका दगडात दोन पक्षी. गवंडी बोलावून भेग सिमेंटनं भरून घेतली आणि पातूरहून दुकानाच्या पाट्या रंगवणारा पेंटर आणला. त्यानं त्या भिंतीवर निळ्या रंगाची पट्टी ओढली आणि तिच्यावर शून्यापासून वीसपर्यंत संख्यारेषा काढली. दोन आकड्यांमधलं अंतर त्यानं सुतळीनं मोजून काढलं होतं, सगळीकडे सारखं. दौरा उत्तम झाला. साहेबांनी संख्यारेषेसमोर फोटो काढून घेतला आणि मला शाबासकी मिळाली. बाई फोटोत आल्या नाहीत. त्या बाहेर मुलांच्या चपला ओळीनं लावत होत्या.

आता भेगच दिसत नव्हती, तर मोजणार काय? मला वाटलं, सुटलो.

मार्चमध्ये बाईंचा फोन आला, ताबडतोब या. वर्गात गेलो तर माझं पोट मोजणारी ती पोरगी पट्टीपाशी उभी होती. वर्गात बेरीज चालली होती, संख्यारेषेवर उड्या मारत करायची. बाईंनी मुलांना सांगितलं होतं, की प्रत्येक उडी सारखी पडते, मोजून पाहा. या पोरीनं सगळ्या मोजल्या.

"सर, साहा आन् सातमंधलं जास्त हाये," ती म्हणाली.

मी पेंटरवर ढकललं. बाईंनी त्यालाही बोलावून ठेवलं होतं. तो आपली जुनीच सुतळी घेऊन आला आणि जरा घुश्श्यातच एकेक अंतर तपासू लागला. पाच ते सहा बरोबर, सात ते आठ बरोबर. सहा ते सात सुतळी अर्धं बोट अपुरी पडली. त्यानं पुन्हा लावली. रंगावर दोनतीन बारीक रेघा उठल्या होत्या, त्यांच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. रंगवलेल्या भिंतीवर रेघा असायच्याच. पेंटरनं मान वर करून छताकडे पाहिलं. आपण चुकलो नाही एवढंच तो म्हणाला आणि चहा बाहेर अंगणात उभा राहून प्याला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्ग गावातल्या बुद्धविहाराच्या सभागृहात नेला. बांधकाम नवं, खांब पक्के, जागा मोकळी. विहाराच्या मंडळींनी आनंदानं किल्ली दिली. पण गावातल्या काही घरांनी तिथं पोरं पाठवायला नकार दिला. कारण तोंडानं कोणी सांगत नव्हतं आणि सगळ्यांना कळत होतं. चार दिवसांत निम्मी हजेरी घटली आणि माझ्याकडे तक्रार आली, की शाळा सोडून बाई भलतीकडे बसतात. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, तिथली भिंत मोजून पाहिली, सरळ आहे, आणखी काय पाहायचं? मी त्यांना परत वर्गात बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. मग मी नोटीस काढली. वर्गखोली सोडून अन्यत्र अध्यापन करू नये, केल्याबद्दल खुलासा करावा. खाली सही माझी.

खुलासा म्हणून बाईंनी सोमवारची वही पाठवली. वर एक ओळ होती: मुलांनी मोजले आहे. मी ती वही पुढे पाठवली नाही. पाठवली असती तर गवंड्याचं, रंगाचं, फोटोचं सगळंच निघालं असतं. ही गोष्ट मी आजवर एका बाईंशिवाय कोणाला सांगितलेली नाही आणि सांगताना मला लाज वाटते आहे.

जूनअखेर शाळा उघडल्या आणि बाईंची तात्पुरती नेमणूक दुसऱ्या टोकाच्या शाळेवर झाली. शिफारस माझीच होती. जाताना त्या भांडल्या नाहीत. सोमवारचं मोजणं बंद करू नका, एवढंच म्हणाल्या. मी हो म्हणालो आणि नव्या सरांना काहीच सांगितलं नाही. सरांनी माझ्या आदेशाप्रमाणे मुलं आत बसवली.

ऑगस्टमध्ये सलग तीन दिवस पाऊस लागला. सोमवारी उघडला. सकाळी अकराच्या सुमारास सरांचा फोन आला, की दुसरीची पोरं वर्गात येत नाहीत, त्यांचं पाहून पहिलीचीही बाहेर बसलीत, मी काय करू? मी तापून निघालो. पाहतो तर अंगणातल्या चिखलात पोती टाकून पोरं ओळीत बसली होती, दप्तरं मांडीवर घेऊन. कोणी दंगा करत नव्हतं. मी आवाज चढवला, तरी एकही उठलं नाही. बाईंची ती पोरगी आता तिसरीत होती, तीही दुसऱ्या खोलीतून उठून येऊन यांच्यात बसली होती.

"आमी आज मोजलं सर," ती म्हणाली. "दोन बोटं जातेत."

त्यांची भीती मोडावी म्हणून मी एकटाच आत गेलो. संख्यारेषेजवळ उभा राहिलो. आत काही आवाज नव्हता. सहा आणि सातच्या मधून बारीक माती गळत होती, कोणी मुठीतून सोडावी तशी, आणि थांबत नव्हती. मी उलट पावली बाहेर आलो आणि आज सुटी आहे म्हणालो. पोरांनी आनंदानं ओरडायला हवं होतं. ती मुकाट्यानं घरी गेली.

भिंत दुपारी तीनला पडली. जिथं पहिलीच्या चटया अंथरलेल्या असत, तिथं छपराचा अर्धा भाग आला.

पेपरात बातमी आली, की प्रशासनाच्या सतर्कतेमुळे अनर्थ टळला. सतर्कतेपुढे माझं नाव होतं. तालुक्याच्या बैठकीत मला शाल आणि नारळ मिळाला आणि मी तो घेतला.

बैठकीच्याच संध्याकाळी बाईंना फोन केला. वाटलं, रागावतील, निदान एखादा टोमणा मारतील. मी सगळं सांगितलं, वहीचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, कोणाला लागलं तर नाही ना. नाही म्हटलं.

"मंग आता लेकरं कुठं बसून राह्यले?"

म्हटलं, दुसऱ्या खोलीत, चारही वर्ग एकत्र.

त्या दोन्ही खोल्या एकाच वर्षी, एकाच ठेकेदारानं, एकाच मातीवर बांधल्या होत्या, हे मला सांगता सांगताच आठवलं.

"त्या खोलीची भीत कोन मोजून राह्यलं, साहेब?"

मी बघतो म्हणालो.

बाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या, अमरावतीला मुलीकडे गेल्या आणि गेल्या पौषात वारल्या. मी मातीला गेलो नाही. काम होतं असं मी घरी सांगितलं.

बघतो म्हणालो होतो, म्हणून मी दुसऱ्या खोलीबद्दल पत्र दिलं. उत्तर आलं, निरीक्षणाखाली ठेवावी. विहाराचं पुन्हा विचारावं तर गाव तयार नाही आणि वर्गाबाहेर शिकवू नये हा आदेश तर माझ्याच सहीचा आहे. नवीन खोली मंजूर आहे, असं म्हणतात. चौतीस मुलं आहेत. दर आठवड्याला मी भेटीला जातो. आतून पाढ्यांचा आवाज येत असतो. मी उंबऱ्याशीच थांबतो आणि हजेरीपुस्तक बाहेर मागवून घेतो.