रांजणापाशी बसलेल्या बाया

बोरीच्या बौद्धवाड्यातल्या कौतिकाबाईंच्या दोन इयत्ता झाल्या न झाल्या, तोच हातात खुरपं आलं होतं. त्यामुळं सत्तरीला टेकल्यावर शाळेतल्या राजेश्री मॅडम घरी येऊन म्हणाल्या, “मावशी, सातवीच्या लेकरांना तुमची रांजणाची गोष्ट सांगा,” तेव्हा त्यांना आधी हसूच आलं. तरी ठेवणीतलं लुगडं नेसून त्या गेल्या.

गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. गावाजवळ रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम चालू होतं. सगळ्या बाया एकाच खड्ड्यातली माती वाहायच्या, एकमेकींच्या डोक्यावर टोपली चढवायच्या. पाणी प्यायची वेळ आली की मात्र गावातल्या बाया रांजणातून आपल्या हातानं घ्यायच्या. बौद्धवाड्यातल्यांनी ओंजळ धरायची आणि पाणीवालीनं वरून ओतायचं. असं वागवणं कायद्यानं गुन्हा आहे, हे कौतिकाबाईंना त्यांचे मालक सिद्धोधन यांनी वाचून दाखवलं होतं. एका दुपारी कौतिकाबाईंनी पाणीवालीच्या हातातलं पाणी काढायचं ओगराळं घेतलं, रांजणात बुडवलं आणि घटाघटा पाणी प्यायल्या.

मुकादम धावत आला. “उद्यापासून कामावर यायचं न्हाई!”

“कामावर न्हाई, पर रांजणापाशी येणार,” कौतिकाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वाड्यातल्या दहा जणी त्यांच्यासोबत रांजणाभोवती बसल्या. तिसऱ्या दिवशी नर्मदाबाई उठून आल्या. त्या गावातल्या शेतकरी घरातल्या, कौतिकाबाईंच्या जोडीला माती वाहणाऱ्या.

“मलाबी तहान लागलीय, कौतिका. तूच दे.”

सगळ्यांच्या देखत त्या कौतिकाबाईंच्या हातचं पाणी प्यायल्या आणि तिथंच बसल्या. चौथ्या दिवशी बातमी कळून जिंतूरहून तालुक्याचे साहेब आले, मुकादमाला झापलं, आणि तिथून पुढं सगळ्या जणी आपापल्या हातानं पाणी घेऊ लागल्या.

“बघा, एकट्या बाईनं केवढं केलं!” राजेश्री मॅडम वर्गाला म्हणाल्या.

“एकटी कसली?” कौतिकाबाईंनी त्यांना थांबवलं. “दहा जणी संगं नसत्या तर मला हाकलूनच लावलं असतं. आन् नर्मदाबाईनं घरी आठ दिस बोलणी खाल्ली. तिचं नावबी लिवा.”

लेकरांनी वह्यांत नाव लिहिलं. मग मेंढपाळाच्या घरची बबिता उभी राहिली. “आजी, आमच्या वर्गात रोज पोरीच का झाडायल्यात?”

राजेश्री मॅडमचा चेहरा उतरला, पण त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर झाडण्याच्या पाळ्या नव्यानं मांडल्या, मुलगे-मुली मिळून. मागच्या बाकांवर थोडी कुरकुर झाली. कौतिकाबाईंना मात्र लय बरं वाटलं.

घरी जाताना वाट वाकडी करून त्या नर्मदाबाईंकडं गेल्या.

“तुझं नाव लेकरांच्या वहीत घालून आले.”

“बरोबर लिवलंय का बघितलंस?”

“मला कुठं तेवढं वाचता येतंय!”

दोघी पोट धरून हसल्या. नर्मदाबाईंनी चहाला आधण ठेवलं.