आत्याबाईंनी ठरवलेलं लॉज

सगळ्यात आधी सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. माहेरी कोणी चकव्याची नाहीतर हडळीची गोष्ट सुरू केली की मी तोंडावर हसायचे आणि आईची बोलणी खायचे. इथले सगळ्यांचे अनुभव आवडीने वाचते. त्यांत पिंपळ असतो, अमावास्या असते, कुत्री रडतात... माझ्या अनुभवात यातलं काहीच नाही. भर दुपार आहे, सुरत शहर आहे, आणि खोली शोधत उन्हात हिंडणारे आम्ही नवराबायको.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. आम्ही तेव्हा नंदुरबारला राहायचो. हे रेल्वेत, मालधक्क्यावर क्लार्क. घरात सासू-सासरे, दीर, नणंदा आणि शिवाय येणारे-जाणारे. लग्नाला दीडेक वर्ष होत आलं होतं आणि तेवढ्या काळात मी एकदाही आपणहून जागी झाले नव्हते. पहाटे सासूबाईंची हाक यायची, "सूनबाई, चुल्हा पेटाड!" मग झोपेपर्यंत चूल आणि मी. मला फार काही नको होतं हो... एक सकाळ हवी होती. झोप पुरी झाली की उठायचं आणि दुसऱ्या कोणीतरी केलेला चहा बसून प्यायचा. ही इच्छा मी कोणालाच बोलून दाखवली नव्हती, यांनासुद्धा नाही. झोपायला मिळावं म्हणून प्रवासाला जायचं, हे सांगायची लाज वाटायची.

यांना पास मिळाला तेव्हा दोन दिवस कुठंतरी जाऊन यायचं ठरलं. आता कुठं? आमच्याकडे एक पद्धत फार कडक – गावात नातलग असताना लॉजात उतरलात, तर त्या नातलगाचं नाक कापलंत. मग प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ऐकून घ्या. आणि नातलगाकडे उतरायचं म्हणजे मी पुन्हा त्यांच्या चुलीपुढे! म्हणून आम्ही हॉटेल निवडायच्या आधी नातलग नसलेलं शहर निवडायला बसलो. मुंबईला चुलतसासरे. नाशिकला मावससासूबाई. इंदूरला नणंदेचं सासर. भुसावळचं तर नावच काढू नका. शेवटी हे एकदम म्हणाले, "सुरत! सुरतेत आता आपलं कोणी नाही." आणि लगेच जीभ चावली.

कारण सुरतेत यांच्या सख्ख्या आत्याबाई होत्या. त्यांचे यजमान तिथं कापडाच्या गिरणीत होते. आमच्या लग्नाच्या थोडं आधी आत्याबाई वारल्या आणि यजमान बिऱ्हाड मोडून शिरपूरकडे गावी निघून गेले. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं, किस्से मात्र पोटभर ऐकले होते. ओळखीचं कोणीही सुरतेत उतरलं की आत्याबाई त्याला दुसरीकडे राहू द्यायच्या नाहीत. लांबच्या नात्यातल्या एका पाहुण्याला त्यांनी लॉजातून ट्रंकेसकट उचलून घरी आणलं होतं म्हणे. सासूबाईंचं आणि त्यांचं, म्हणजे नणंद-भावजयीचं, कधी पटलं नाही. दोघींनाही दुसरीचं ऐकून घ्यायची सवय नव्हती.

घरी साड्या आणायचं निमित्त सांगून आम्ही निघालो. बारडोलीच्या पुढे उसाची शेतं बघताना मी इतकी खूश होते की यांनी विचारलं, "एवढं काय आहे गं उसात?"

स्टेशनसमोरचं पहिलंच लॉज बरं दिसलं. जिना झाडलेला, पडदे धुतलेले. काउंटरवर चष्मा लावलेले एक शेठ बसले होते. यांनी खोली विचारली. शेठनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "रूम तो छे. पण तमने नहीं आपुं."

"आम्हालाच का नाही देणार?"

"तमारा फोई सवारे आव्या हता. केहता हता, भत्रीजो ने वहु आवशे, एमने घेर मोकली आपजो."

फोई म्हणजे आत्या; ती सकाळी येऊन सांगून गेली होती, भाचा आणि सून येतील, त्यांना घरी पाठवून द्या. आमच्याकडेही घरात फुईच म्हणतात, त्यामुळे अर्थ विचारायची गरज पडली नाही. हे हसले. म्हणाले, "शेठ, तुमची गल्लत होतेय. खानदेशातून रोज गाडी भरून माणसं येतात."

शेठ म्हणाले, मोठं कुंकू, नऊवारी लुगडं, पुढचा एक दात नाही, आणि बोलताना माझ्या टेबलावर थाप मारत होत्या... त्यांनी ती मारूनही दाखवली. शाईची दौत हलली. यांचा हसरा चेहरा जागच्या जागी राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. आत्या मारायची अशी थाप. पुष्कळ बायका मारतात."

दुसरं लॉज रस्त्यापलीकडे होतं. तिथल्या मॅनेजरने आम्ही पायरी चढायच्या आतच हात जोडले. "भाई, घेर जाओ ने! माजी सवारथी बे वार आवी गया." म्हणजे आत्याबाई सकाळपासून दोनदा येऊन गेल्या होत्या. त्याला वाटत होतं, आम्ही घरच्यांशी भांडून आलोय. जाता जाता तो मलाच म्हणाला, "वहुबेन, मोटा माणसनुं मान राखवुं जोइए."

मी? मान राखत नाही? जी बाई हयात नाही तिचा?

हे तर घामाने डबडबले होते. म्हणाले, "आपण असं करू... संध्याकाळच्या गाडीने परत जाऊ."

तेव्हा मात्र मी भडकले. भूतबीत काही नाही, कोणीतरी बाई दुसऱ्याच भाच्याला शोधतेय, असं मी यांना ठणकावून सांगितलं. पण खरं सांगू? रडू येत होतं. परत जायचं म्हणजे उद्या पहाटे पुन्हा हाक. असा पास पुन्हा कधी जमणार आणि घरचे पुन्हा कधी सोडणार! मी यांना टांगा बघायला पिटाळलं आणि लॉजच्या ओट्यावर बॅग धरून बसले. आणि मनातल्या मनात, विश्वास नसताना, आत्याबाईंशी कडाकडा भांडले. म्हटलं, तुमचं घर असतं तर आले असते. पाया पडले असते, तुम्ही सांगाल तेवढ्या भाकरी थापल्या असत्या. पण घर आहे कुठं तुमचं? मग आम्ही राहायचं कुठं? मला फक्त एक सकाळ झोपू द्या... आणि एक कप चहा. दुसरं काही मागत नाही.

ओठसुद्धा हलवला नव्हता, हे लक्षात ठेवा.

टांगेवाल्याने आम्हाला स्टेशनपासून पार लांब, नानपुऱ्यात एका पारशी बाईंच्या घरी नेलं. त्या वरच्या खोल्या भाड्याने द्यायच्या. हे आत यायलाच तयार नव्हते, टांग्याचं चाक धरून उभे राहिले. बाई व्हरांड्यात आरामखुर्चीत होत्या. मुंबईत राहिलेल्या असाव्यात, मोडकंतोडकं मराठी बोलायच्या. मला बघून उठल्या.

"आव डीकरी, आव! तुझी आत्या आत्ताच गेली. काय जिद्दी बाई! म्हणते, ह्यांना रूम देऊ नको. मी बोलली, अरे बाई, तुझ्याकडे नेऊन काय करशील? पोरीला पाछी रसोड्यात, चुलीपुढे घालशील ने? तिला आराम दे ने! तेव्हा कुठं ती म्हणाली, हो, पोरगी झोपेची भुकेली आहे. सकाळी तिला कोणी हाक मारायची नाही. आपली आपण उठली की चहा दे."

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

बाई आत गेल्या आणि एक नारळ, हिरवा खण आणि ओंजळभर तांदूळ घेऊन आल्या. "हे ठेवून गेली. बोलली, नवी सून पहिल्यांदा आली, ओटी भरल्याशिवाय कशी जाऊ देऊ? मला तुमचं कसं करतात ते येत नाही. तूच पदर धर."

मी पदर पुढे केला. पारशी बाईंनी माझी ओटी भरली आणि मी जिला कधी पाहिलं नव्हतं त्या बाईसाठी ढसाढसा रडले. रडू आवरल्यावर बाईंच्याच पाया पडले, दुसरं कोणी दिसत नव्हतं ना!

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ऊन पलंगावर आलं होतं. हे दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेले, पहाटेपासून. मला कोणी उठवू नये म्हणून कावळे हाकलत होते. मला कौतुक वाटलं, पण आत्याबाईंचा धाक जास्त असावा. मग चहा आला. पुदिना घातलेला. मी तो इतका सावकाश प्यायले की वर साय धरली.

घरी आल्यावर सासूबाईंनी बॅगेतला खण बरोबर पाहिला.

"ओटी कोनी भरी?"

यांना खोटं बोलता येत नाही. सगळं सांगून मोकळे झाले. आता आभाळ कोसळणार म्हणून मी भिंतीला टेकले. सासूबाईंनी खण उलटून पालटून बघितला, नाकाला लावला. मग म्हणाल्या, "ती तुले झोपू देस, आन मी काय तुनी वैरीन शे का?"

पुढच्या रविवारी पहाटे हाक आलीच नाही. दचकून उठले, तर सासूबाई चुलीपुढे बसून चहा करत होत्या. तोंड फुगलेलं. "जाय, पडी ऱ्हाय!" म्हणाल्या. त्यानंतर त्या असेपर्यंत रविवारचा पहिला चहा त्यांचाच, आणि साखर नेहमी जास्त.

स्पष्टीकरण मागाल तर माझ्याकडे नाही. हे पुढे दोनदा सुरतेला गेले. आत्याबाईंच्या जुन्या शेजाऱ्यांना विचारलं, पहिल्या शेठनाही विचारलं. काही उलगडलं नाही. कोणी दुसरी बाई असेलही, टेबलावर थाप मारणारी. पण ओट्यावर बसून मी मनात जे बोलले ते नानपुऱ्यात कोणी ऐकलं? आणि सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा नणंदेचं ऐकलं, तेही ती गेल्यावर... हे कसं झालं, ते मला आजतागायत समजलेलं नाही.