संत्र्याच्या पानातली भाडेकरू

लॅबमध्ये झाकण लावून ठेवलं तरी दोन गोष्टी वाढतातच: बुरशी आणि किस्से. बुरशीवर माझी पीएचडी चालू आहे. (म्हणजे होती, मग अडली. सांगतेच.) किस्से तसेच साचलेत.

*

मोर्शीला सासऱ्यांची संत्र्याची बाग. मी हिरवीगार पानं तोडायला लागले, तसे मामंजी धावत आले. "रोगट झाड तिकडं हाय बाई! चांगल्याचे पानं कावून तोडून राहिली?"

मी समजावलं, निरोगी पानाच्या आतही बुरशी राहते. झाडाला त्रास देत नाही. उलट जंतू मारणारं काहीतरी बनवते, त्यातून उद्या नवं औषध निघू शकतं.

"म्हंजे भाडेकरू! अन् भाडं औषधात!" मामंजी खूश. मग हळूच, "पण बागेत बुरशी हाय म्हणून मंडीत बोलू नको बाप्पा. भाव पडन!"

*

लॅबमध्ये पान आधी स्पिरिटनं धुतात. बाहेरचे जंतू मरतात, आतलेच तेवढे उगवतात. बाहेरचं काही उरलं नाही ना, म्हणून शेवटच्या धुण्याचं पाणीसुद्धा तपासतात.

घरी मी अडीच वर्षांच्या मिहूचा चमचा पुन्हा पुन्हा धूत होते. नवरा म्हणाला, "आता हे पाणीही लॅबमध्ये नेशील!"

मी त्या पाण्याची भरून ठेवलेली बाटली पदराआड केली.

*

काचेच्या बशीत जंतू पसरायचे, मध्ये बुरशी ठेवायची. भोवतालचे जंतू मेले की स्वच्छ गोल दिसतो. माझा गोल सुरुवातीला झकास होता. मग आक्रसत गेला आणि एक दिवस गायबच! पीएचडीचं काम तपासायला अकोल्याहून कमिटी येणार होती. गोल नाही, तर विषय बदला, सगळं पहिल्यापासून!

त्याच दुपारी पाळणाघरातून फोन. "मिहू डब्याला हातच लावत नाही." मी रडले. आधी बुरशीसाठी. काय ही आई!

*

गाइड सरांनी बशी उजेडात धरली. "मॅडम, झाडात होती तवा तिले काम होतं. इथं आयतं जेवण भेटून राहिलं. कोणासाठी बनवन थे औषध? त्याच झाडाच्या पानांचा काढा टाका तिच्या खाण्यात."

मी मोर्शीला फोन लावला. रडत रडत बुरशीचं सांगितलं, मिहूचंही सांगितलं. मामंजींनी पहिल्या एसटीनं पिशवीभर पानं पाठवली.

*

कमिटीच्या आदल्या दिवशी बशी उघडली. तुलनेसाठी बुरशीशिवाय नुसता काढा ठेवला होता, त्याच्याभोवती काही नाही. बुरशीभोवती हा एवढा गोल! माझा विश्वास बसेना. दुसरी बशी बघितली, तिसरी बघितली, मग मोर्शीला फोन केला.

"मामंजी, औषध बनवून राहिली ती!"

पलीकडे मामंजी सासूबाईंना ओरडून सांगायला लागले, "अवं, आयकलं का? बुरशी घरचं जेवली! आता मिहूचा डबा भर, एसटीनं धाडतो!"